गरमसाहेबाची सीडी

मागच्या आठवड्यात मी इथे आखातात, आमच्या गराफा भागातल्या सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर निवडत होते. छतातल्या स्पीकरवर एक इंग्रजी गाणं लागलं. गिटारचे पहिले चार ठोके ऐकले आणि माझा हात थांबला. गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत आलं, मी श्वास रोखला, आणि गाणं सरळ पुढे निघून गेलं. अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं मला झालं. त्या जागी 'खट्ट' असा आवाज यायला हवा होता. मग गाण्याने दोन ओळी गाळून पुढे उडी मारायला हवी होती. जालिंदरकाकांच्या गाडीत मी ते गाणं दीड वर्ष तसंच ऐकलं होतं. राहवलं नाही म्हणून मी जिभेनेच हळू 'खट्ट' केलं. शेजारी टोमॅटो निवडणाऱ्या बाई आपली ट्रॉली घेऊन दोन पावलं लांब सरकल्या.

जालिंदरकाका पप्पांच्या गावचे, सांगलीकडचे. दोघं एकाच कंपनीत. पप्पा स्टोअरमध्ये, काका एसीच्या मेंटेनन्सला. पप्पांना फॅमिली आणता आली, म्हणून आम्ही गराफात एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. काकांची बायको आणि दोन मुलगे गावी होते. काका स्वतः शहराबाहेर, बिरकत अल अवामेरच्या कामगार-कॅम्पमध्ये, एका खोलीत सहा जण. रोज सकाळी ते कंपनीचा पांढरा पिकअप घेऊन दुहैलच्या एका कंपाउंडमधल्या बंगल्यांचे एसी बघायला जायचे. वाटेत गराफा लागायचं. पप्पा पाचलाच घर सोडत आणि माझं कॉलेज आठला, त्यामुळे मला पोचवायचं काम काकांकडे आलं. तेवढी परवानगी त्यांनी फोरमनकडून काढली आणि मला म्हणाले, "बस. असंबी जायचं, तसंबी जायचं."

गरमसाहेब म्हणजे ग्रॅहमसाहेब. इंग्लंडचे, कंपनीचे जुने इंजिनियर. एसीवाल्यांच्या साहेबाचं नाव गरम असावं यात काकांना कधीच काही गंमत वाटली नाही. मला रोज वाटायची. पिकअप नवा असताना साहेब एकदा काकांबरोबर साइटवर निघाले, खिशातून एक सीडी काढली, प्लेअरमध्ये घातली, आणि ती आत अडकली. साहेबांनी बटणं दाबली. काकांनी स्टीलची पट्टी घालून पाहिली. या झटापटीत रेडिओचं बटणही तुटलं. पुढे साहेब रिटायर होऊन आपल्या देशात गेले, सीडी राहिली. गाडीची चावी फिरवली की ती पहिल्यापासून सुरू व्हायची. अकरा गाणी, मग पुन्हा पहिलं. चार मुलांचा गिटारवाला बँड. बँडचं नाव काकांनी कधी घेतलं नाही, म्हणून मीही इथे घेत नाही. आमच्याकडे ती गरमसाहेबाची सीडी होती.

काका अंतर गाण्यांत मोजायचे. बिरकत ते गराफा नऊ गाणी. गराफा ते माझं कॉलेज अडीच. रस्त्याचं काम निघालं असेल तर "आज अकरा संपून पयलं परत लागलं बग," असं सांगायचे. सकाळी आईला फोन यायचा, "वहिनी, निघालोय. चौथं चालू हाय." आई चहा ठेवायची. सातव्या गाण्याला चहा उकळायचा, नवव्याला पिकअप गल्लीत वळायचा. आई-पप्पांना इंग्रजी गाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सातवं गाणं किती लांब आहे हे आईला बरोबर ठाऊक होतं.

काकांना ती अकराही गाणी पाठ होती. मात्र ती त्यांनी ऐकली होती आपल्या कानांनी, आणि त्यांचे कान सांगलीचे होते. पाचव्या गाण्यात गायक काहीतरी ओतून दे असं म्हणतो, 'पोर इट आउट, पोर इट आउट'. काका म्हणायचे, "पोरी, ताट. पोरी, ताट." शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा दारातूनच हे गाणं सुरू व्हायचं आणि मी खरोखर ताट घ्यायला उठायचे. बरेच महिने मला ते मराठीच गाणं वाटत होतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बारा वर्षं शिकलेली मुलगी मी.

तिसरं गाणं त्यांचं सगळ्यात लाडकं. त्याचं ध्रुपद 'ऑल द वे, ऑल द वे बॅक'. काका स्टिअरिंगवर दोन बोटांनी ठेका धरून गायचे:

"आलं वय, आलं वय, बग."

आणि दुसऱ्या कडव्यात सीडीवर ओरखडा होता तिथे ते जिभेने 'खट्ट' करून सीडीच्या बरोबर उडी मारायचे. कधी चुकले नाहीत. त्यांच्या दृष्टीने 'खट्ट' हा गाण्याचाच भाग होता, तबल्यासारखा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, इलाज नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पप्पा दहावी, आई सातवी. मला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला तेव्हा पप्पांनी स्टोअरमध्ये सगळ्यांना पेढे म्हणून बकलावा वाटला. आणि पहिल्याच सत्रात मी इंग्रजी भाषणाच्या विषयात नापास झाले. कठीण होता म्हणून नव्हे. त्यात फक्त उभं राहून बोलायचं होतं. मी उभी राहायचे. माझ्या मनात पूर्ण वाक्य तयार असायचं, मग मला त्यात एक चूक दिसायची, ती दुरुस्त करेपर्यंत दुसरी दिसायची, आणि तोवर मॅडम "थँक यू" म्हणायच्या. एकदा मी हात वर केला आणि सगळे वळून बघायला लागले तेव्हा त्याच हाताने केस सारखे केले.

हा विषय पुन्हा घेता येत होता, एकदाच. दुसऱ्यांदा नापास झाले तर शिष्यवृत्ती जाणार, आणि शिष्यवृत्ती गेली की आमच्या घरात कॉलेजही जाणार. हे घरी कसं सांगायचं ते मला सुचेना. सगळ्यात आधी मी काकांना सांगितलं, गाडीत, दुसरं गाणं चालू असताना.

काकांनी आवाज कमी केला. "नापास म्हंजे पार नापास?"

"पार नापास."

"मग बरं झालं. पयला डाव देवाला."

लहानपणी खेळताना पहिला डाव मोजत नाहीत, तो देवाला देतात, हे मला ठाऊक होतं. पण कॉलेजच्या कार्यालयाला ते ठाऊक असेल असं वाटत नव्हतं. तसं मी म्हटलंही.

"तुला एक सांगू?" काका म्हणाले. "मी पयल्यांदा सौदीला गेलो. चार म्हयन्यांत कंपनीच खलास. परत आलो तर गावात काय म्हणायचे म्हायत हाय? चार म्हयन्याचा शेख. चहाच्या टपरीवर बसलो की म्हणायचे, शेखला आधी द्या रे. दोन वर्सं ऐकलं. मग हिकडं आलो."

"पुन्हा भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण म्हटलं, देवाचा देऊन झालाय, आता आपला." मग त्यांनी आवाज वाढवला, कारण तिसरं लागलं होतं.

दुसऱ्या सत्रात मॅडमनी विषय दिला: तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या कलाकृतीवर दहा मिनिटं बोला. वर्गातली मुलं चित्रकार, सिनेमे वगैरे सांगायला लागली. मला आवडणारी कलाकृती आठवेना. खरं तर मला फक्त एकच पाठ होती. मी घरी येऊन त्या सीडीबद्दल शोधलं, आणि मला कळलं की तो त्या बँडचा दुसरा अल्बम होता. पहिला बऱ्यापैकी चालला होता, आणि आता ही पोरं संपणार असं सगळे म्हणत होते. पहिल्या अल्बमसाठी गाणारा जन्मभराची गाणी साठवून आणतो, दुसऱ्यासाठी मिळतं जेमतेम वर्ष, तेही सगळे डोळे लावून बसलेले असताना. बरेच बँड तिथेच बसतात. यांचा दुसरा पहिल्यापेक्षा मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांना मुळीच नवल वाटलं नाही.

"तेच की. पयला देवाला दिला."

"अहो, पहिलाही चालला होता, काका."

"चालला आसंल. पण गरमसाहेबानं गाडीत कुठला आणला?"

हा मुद्दा पुढे मी भाषणात वापरला.

त्याच दिवशी मी एक शहाणपण केलं. फोनवर तिसरं गाणं लावून काकांना ऐकवलं, स्वच्छ, विनाओरखड्याचं. काका खुशीत गायला लागले. दुसऱ्या कडव्यात त्यांनी 'खट्ट' करून उडी मारली आणि गायक मागेच राहिला. काका दोन ओळी पुढे, बँड दोन ओळी मागे. त्यांनी फोनकडे असं बघितलं, जणू त्याने ताल चुकवला होता.

"ह्यात काय तरी जादा घातलंय," ते म्हणाले.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी कॉलेजात शिकत होते ना. मी म्हटलं, "काका, तेच खरं गाणं आहे. आणि ते 'आलं वय' नाहीये. 'ऑल द वे बॅक' आहे. म्हणजे परतीची सगळी वाट."

काकांनी गिअर बदलला. "आसंल," ते म्हणाले, आणि गाडीच्या सीडीवर तिसरं आलं तेव्हा पुन्हा 'आलं वय' म्हणाले. त्यांना समजलं नाही असं मी धरून चालले. मला त्यांची थोडी दयाही आली, हे लिहिताना आज कान गरम होतात.

भाषणाच्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोलायचं होतं मला. "मी हितंच थांबतो," ते म्हणाले. "दुहैलवाल्याचा एसी तासभर बंद ऱ्हायला तर मरत न्हाय कुनी. यल्ला, जा आता."

मी वर्गात उभी राहिले. कागदावर सगळं लिहिलं होतं. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्यात मला चूक दिसली. मग नेहमीचंच. घड्याळाचा काटा, मॅडमचं पेन. मॅडम "थँक यू" म्हणायला तोंड उघडताहेत असं मला दिसलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "माझे काका हे गाणं वेगळं ऐकतात."

मी 'आलं वय' म्हणून दाखवलं आणि अर्थ सांगितला. पहिल्या बाकावरची केरळची फातिमा खुदकन हसली. मग सगळे हसले. आयुष्यात प्रथमच माझ्या बोलण्याला कुणी हसत होतं, आणि ते माझ्यावर नव्हतं. मला ते फार गोड लागलं. मी 'पोरी, ताट' सांगितलं. खुर्ची ओढून काकांसारखी बसले, एक हात स्टिअरिंगवर, पोट थोडं पुढे. त्यांच्या इंग्रजीत बोलून दाखवलं, "साब, एसी नो कूल, गॅस फिनिश." जिभेने 'खट्ट' करून उडी मारली. टाळ्या पडल्या. मधे एकदा खिडकीतून खाली पार्किंगमधला पांढरा पिकअप दिसला. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. उरलेल्या चार मिनिटांत दुसरा अल्बम, सगळ्यांचे डोळे, पहिला डाव देवाला, हे सगळं मी कागदाकडे न बघता बोलले. मॅडम म्हणाल्या, "आज तुझा आवाज ऐकला." मी चांगल्या गुणांनी पास झाले.

कागद गोळा करून मी खाली आले तोवर फातिमा आणि बाकीच्या मुली पार्किंग ओलांडून पुढे गेल्या होत्या. काका बोनेटला टेकून उभे होते.

"काय झालं?"

"पास."

त्यांनी आकाशाकडे बघून हात जोडले. मग समोरच्या टपरीवरून दोन करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा, आणले, माझ्यात साखर जास्त घालून. आम्ही गाडीत बसून प्यायलो.

"माझं सांगितलंस म्हनं," ते म्हणाले.

"हो." ते 'म्हनं' माझ्या लक्षातही आलं नाही.

"मग? काय म्हनले?"

"आवडलं सगळ्यांना."

"हसले का?"

मी चहाच्या कपात बघितलं. "थोडे."

"हसले म्हंजे ऐकत हुते," काका म्हणाले आणि चावी फिरवली. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या घोटाला नाही वाटलं. पण तेव्हा मी काही बोलले नाही. न बोलण्याचा मला चांगला सराव होता.

तिसऱ्या सत्राच्या शेवटी काकांच्या कराराचं कंपनीने नूतनीकरण केलं नाही. साठ झाली होती. म्हणजे पासपोर्टवर. काकांचं म्हणणं अठ्ठावन्न. त्यांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी त्यांची उंची बघून जन्मसाल लिहिलं होतं. "मास्तरनं दोन वर्सं आधीच खाल्ली," ते म्हणाले. त्याच महिन्यात पिकअपही भंगारात निघाला. पप्पांनी गॅरेजवाल्याशी बोलून ठेवलं होतं की डॅशबोर्ड उघडून सीडी काढून द्यायची. काकांनी नको म्हटलं.

"भाईर काढून वाजवू कशावर? ऱ्हाऊ दे. ती बी कटाळली आसंल."

त्यांचं विमान दुपारचं होतं. पप्पांना सुट्टी नव्हती, म्हणून टॅक्सीने मी आणि आई गेलो. टॅक्सीत कसलंच गाणं नव्हतं. काका सवयीने दोन बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत होते. वाट किती झाली ते आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं. मी मात्र आदल्या रात्रीपासून एक वाक्य मनात तयार करत होते. त्यात चुका दिसत होत्या, मी दुरुस्त करत होते. आई ट्रॉली आणायला गेली, आणि मला कळलं की आता थांबले तर हा डाव पुन्हा मिळणार नाही.

"काका, मी त्या दिवशी वर्गात तुमची नक्कल केली. बसण्याची, इंग्रजीची. सगळे तुमच्यावर हसले. मी हसवलं."

"म्हायत हाय."

"कसं?"

"तुझी ती मैतरीन न्हाय का, मलबारी, डोक्यावर निळा रुमाल. गाडीपाशी थांबली. मला म्हनली, आलं वय अंकल." काका बॅगेचा पट्टा आवळत होते. "चांगलं म्हनली. तुझ्यापरीस चांगलं."

म्हणजे चहा आणला तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. साखर घातली तेव्हाही.

"रडतीस कशाला? त्याच्यावर पास झालीस नव्हं?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. दुहैलपतुर आला. दोन गानी." त्यांनी पट्टा ओढून बघितला. "मग म्हटलं, पोरगी बोलली तर खरी."

मी डोळे पुसले आणि त्यात पुन्हा एक शहाणपण निघालं. मी म्हटलं, "तुमचं गाणं चुकीचं आहे असं मी म्हणाले होते. तसं म्हणायला नको होतं."

"त्यात काय चुकीचं? गरमसाहेबानं मला पयल्याच वर्षी सांगितलं हुतं."

"काय?"

"त्येच. परतीची सगळी वाट." काका हसले. "आता तूच सांग. रोज सकाळी कॅम्पातनं कामाला निघायचं आन् तोंडात परतीच्या वाटंचं गानं? जमंल का मानसाला? म्हनून वयावर घेतलं. वय काय, म्हटलं न्हाय तरी येतंयच."

आई ट्रॉली घेऊन आली. काकांनी दोन बॅगा आणि दोरीने बांधलेलं ब्लँकेटचं खोकं चढवलं. आईला म्हणाले, "वहिनी, येतो." मला म्हणाले, "पोरी, ताट," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग सरकत्या काचेच्या दारातून आत गेले.

काच बंद झाली. ते पाठमोरे रांगेकडे चालले होते. एकदा कोणता काउंटर ते बघायला वळले तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसले. ते गात होते. आवाज येत नव्हता, त्यामुळे वय आलं होतं की परतीची वाट, ते मला कळलं नाही. मी पावलांवरून मोजत राहिले. पहिलं कडवं, ध्रुपद, दुसरं कडवं. ट्रॉली ढकलता ढकलता एका जागी ते क्षणभर थांबले. मान थोडी उडाली. मग ते पुढच्या ओळीपासून चालू लागले.